प्राचीचा साखरपुडा मोडायला गेले तेव्हा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण हा घोळ मी एकटीनं घातला, तोही भरदुपारी, शंभर पाहुण्यांसमोर!

मी तेव्हा एमएस्सी गणिताच्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही विद्यापीठातली आठ-दहा जणं दर शनिवारी कळमन्याच्या बाजारामागच्या वस्तीत दहावीच्या मुलांना शिकवायला जायचो. फुकट शिकवतो, म्हणजे आपण फारच थोर, असं मला वाटायचं.

वर्गात एक प्राची होती. एकाच गणितावर तिनं तीनदा हात वर केला. चौथ्यांदा केला तेव्हा मी वैतागले. "अगं, एवढं तर पाचवीतल्या पोरालाही येतं!" वर्ग खो-खो हसला. प्राची खाली बसली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या मैत्रिणीला, रोशनीला विचारलं, "प्राची काहून येऊन नाही राहिली वं?"

"तिच्या घरी लग्न जमलं ना, ताई. उद्या साखरपुडा आहे."

झालं! सोळा वर्षांची पोर, अन् लग्न? रोशनी पुढेही काहीतरी सांगत होती. पण ऐकतंय कोण? मी मनातल्या मनात भाषणाला सुरुवात केली होती!

रविवारी प्राचीच्या घरी पोचले. दारात मांडव, आत बायकांची गर्दी, आणि समोर प्राची! नवा घागरा, हातात सरबताचा ट्रे. मी तो ट्रे हिसकावला आणि ओरडले, "थांबवा हे! मुलगी अल्पवयीन आहे! पोलिसांना बोलावीन!"

नवरदेवाची आई ताडकन उठली. "अल्पवयीन? आमाले तर चोवीसची सांगितली!"

"कसली चोवीस? दहावीत आहे ती!"

"दहावीत? अन् आमाले म्हणे बीएड झाली!"

प्राचीचे बाबा आधार कार्ड शोधायला धावले. आई रडायला लागली. नवरदेवाकडची मंडळी चपला घालायला लागली, हो! तेवढ्यात आतून साडी नेसलेली एक मुलगी आली. डोळे भरलेले.

"मॅडम, मी प्राचीची मोठी बहीण. साखरपुडा माझा आहे."

मी सगळ्यांसमोर हात जोडले. मंडळी परत बसायला अर्धा तास लागला. त्या मुलीचे ते डोळे मला अजून आठवतात.

मग प्राचीला बाजूला घेतलं. "सॉरी गं. मला वाटलं, तुझं शिक्षण सुटलं."

"शिक्षण कुठं सुटलं, ताई? मी तुमचा क्लास सोडला." ती खाली बघत म्हणाली. "आता दीदी शिकवते मले. दहादा विचारलं, तरी दहादा सांगते."

मी म्हटलं, "दीदी तर आता सासरी जाईल. परत ये ना. खरंच नाही रागावणार."

हे नवरदेवानं ऐकलं. तो उमरेडच्या शाळेत गणिताचाच मास्तर निघाला! म्हणाला, "तिची काळजी नका करू, मॅडम. दर रविवारी आमी दोघं येऊन शिकवू तिले." मग जरा थांबून, अगदी मनापासून, "तुमी बी येत जा. शिकवाचं कसं, ते दाखवून देतो."

आणि गेले ना मी! दहावीची परीक्षा होईपर्यंत दर रविवारी. एमएस्सी गणित, सतरंजीवर, प्राचीच्या शेजारी!