परराज्यातली जागा

भाऊनं हैदराबादच्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक टपालानं मागवलं. ते आलं त्या दिवशी त्यानं ओसरीत बसून वडिलांना त्यातला एकेक नियम मराठीत करून सांगितला. एम.बी.ए.चा दोन वर्षांचा कोर्स. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. परराज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी चार-दोन जागा.

"हे परराज्यातले म्हंजे कोण?" वडिलांनी विचारलं.

"आपून, अण्णा."

"आपून कव्हापासून परराज्यातले झालो?"

भाऊ हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालं होतं, मास्तरकीचं नॉर्मल स्कूलही हैदराबादला. जाफराबादच्या शाळेत मास्तर म्हणून लागले तेही हैदराबादच्या हुकमानं. छप्पन साली भाषावार राज्यं झाली, आमचा मुलूख तिकडून काढून मुंबईला जोडला आणि पुढं त्याचा महाराष्ट्र झाला. हे सगळं अण्णांनी वर्गात नकाशावर शिकवलं. पण जालन्याहून गाडीत बसलं की सकाळी जे गाव येतं, जिथले गल्लीबोळ त्यांना पाठ, ते परराज्य आहे हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

त्याच छप्पन सालात आम्ही बौद्ध झालो. राज्य बदललं ते दिल्लीत ठरलं, अण्णांना कोणी विचारलं नाही. धर्म मात्र त्यांनी स्वतः बदलला. घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि शाळेच्या दाखल्यावर आम्हा भावंडांच्या नावापुढं स्वतःच्या हातानं 'बौद्ध' लिहिलं. वळणदार अक्षर आहे त्यांचं. पुढं या दोन बदलांच्या मधोमध भाऊ सापडला.

भाऊ जालन्याच्या कॉलेजातून बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेला. गावात तेव्हा त्याच्याइतके मार्क कोणाला नव्हते. आमच्यातला पोरगा शिकला तर मास्तर होतो, फार तर कारकून. व्यापार शिकायला कोणी जात नाही, कारण व्यापार आमच्या हातात कोणी कधी दिलाच नाही. भाऊचं म्हणणं साधं होतं. जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलणारे आपले, मापाडी आपले, झाडणारे आपले, आणि व्यापाऱ्याच्या गादीवर एकही आपला नाही. हे का, ते त्याला पुस्तकातून शिकायचं होतं. तो कोर्स मराठवाड्यात नव्हता. पुण्या-मुंबईपेक्षा त्याला हैदराबाद जवळचं वाटलं, कारण तिथं चाचा होते.

चाचा म्हणजे अण्णांचे नॉर्मल स्कूलचे दोस्त. दोघांनी एका खोलीत राहून, एका तव्यावरची भाकर खाऊन परीक्षा दिलेली. अण्णांनी त्यांना उर्दूत पत्र टाकलं, की विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन विचारा, पोराला जागा कशी मिळेल, वजिफा कसा मिळेल. वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, नसेल तर सगळं फुकट होतं. मास्तराच्या पगारात दोन वर्षांची फी बसत नव्हती. त्याचा हिशेब मी इथं मांडत बसत नाही.

चाचांचं उत्तर आठ-दहा दिवसांत आलं. कचेरीतला माणूस भला होता, त्यानं सगळं समजावलं. यादीत महार जात आहे, पण धर्म हिंदू लिहिलेला हवा, मग त्यांना राखीव जागा आहेत, फी माफ आहे, वर वजिफा आहे. बौद्ध मात्र यादीत नाहीत. बौद्ध लिहिलं तर खुल्यात जा. चाचांनी खाली लिहिलं होतं, तुम्ही काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, मी दोस्त म्हणून फक्त कळवतो.

आमच्या राज्यात बौद्धाला सवलत होती. तिकडं नव्हती. माणूस तोच, भोगलेलं तेच, आणि गाडीनं एक रात्र प्रवास केला की त्याचं सगळं भोगलेलं रद्द. धर्म बदलला म्हणून विहिरीवरचं पाणी कोणी आम्हाला जास्त दिलं नव्हतं. हे मी घरात रागानं बोललो, तेव्हा कॉलेजात होतो, मोर्चांत पत्रकं वाटत होतो.

"खुल्यातून भर," मी भाऊला म्हणालो. "मागं फिरून हिंदू लिहायचं न्हाई."

"तुला काय जातं बोलायला," माय चुलीपासून म्हणाली. "त्याला शिकायचं हाय का तुझी सभा करायची हाय?"

"माय, अण्णांनीच शिकिवलं हे."

"त्यायनी शिकिवलं तव्हा पोरं ल्हान व्हती. आता पोरगा दाराशी उभा हाय."

भाऊ माहितीपत्रकाची पानं उलटी-सुलटी करत होता. अण्णा उठले, टोपी घातली आणि शाळेत गेले. त्या दिवशी सुट्टी होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "चल, तहसीलला जायचंय." भाऊला म्हणाले नाहीत.

जातीचा दाखला हवा होता. शाळेच्या दाखल्यावर बौद्ध, म्हणून नुसता तो चालत नव्हता. बापानं तहसीलमध्ये स्वतः जबाब द्यायचा आणि गावातल्या दोन माणसांनी साक्षीच्या सह्या करायच्या, ही तिथली रीत. साक्षीदार आमच्यातले चालत नव्हते, कारण आमच्यातले सगळेच बौद्ध. बौद्ध माणूस हिंदूपणाची साक्ष कशी देणार? म्हणून अण्णांना गावच्या दुसऱ्या बाजूला जावं लागलं.

ज्या घरी गेलो ते मोठं शेतकऱ्याचं घर. छप्पन साली आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा याच घरानं आमचा रस्ता बंद केला होता. म्हातारा आता थकलेला, खाटेवर बसून पान कुटत होता. अण्णांनी काम सांगितलं. त्यानं खलबत्ता बाजूला ठेवला.

"म्हंजे आले का मास्तर परत?"

अण्णांनी कागद त्याच्यापुढं धरला.

"मी म्हनलंच व्हतं तव्हा. चार दिवसाचं याड हाय, येतेत परत. लई वर्सं लावली तुमी." आणि हसला. रागानं हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच खूश होऊन हसला. नातवाला चहा ठेवायला सांगितला. दुसऱ्या साक्षीसाठी आपला पुतण्याही त्यानंच बोलावला. "आता आपलेच म्हनायचे न तुमी. लिव्हा, कुठं सही करू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी माझा हात धरला. जोरात. चहा आला तो बशीत आला, कप आला नाही. अण्णा प्याले.

तहसीलातला कारकून अण्णांचा विद्यार्थी निघाला. खुर्चीतून उठला, "या गुरुजी, बसा गुरुजी" म्हणाला. कागद वाचले आणि त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, तुम्हीच?"

"पोरासाठी."

"मला विचारावं लागतंय. साहेब मागं बसलेत."

"इचार की."

त्यानं मान खाली घालून, कागदाकडं बघत विचारलं. जात कोणती. अण्णांनी सांगितलं. धर्म कोणता. अण्णा थांबले. बाकड्यावरची माणसं बघत होती. मागून साहेब म्हणाले, "काय झालं तिकडं, लिहून घ्या जल्दी."

"हिंदू," अण्णा म्हणाले.

तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माणूस, आणि कारकुनाला म्हणावं लागलं, "गुरुजी, जरा मोठ्यानं."

अण्णांनी परत म्हटलं. मोठ्यानं.

परत येताना एस.टी.त ते खिडकीकडं तोंड करून बसले. दाखला माझ्या हातात होता.

भाऊनं दाखला घेतला तेव्हा अण्णांच्या पाया पडायला वाकला. अण्णांनी त्याला वर उचललं. "लेखी बराबर कर," एवढंच म्हणाले.

परीक्षेसाठी भाऊसोबत मी गेलो. स्टेशनावर चाचा आले होते, पांढरी दाढी, हातात छत्री. आधी जेवू घातलं, मग आम्हाला घेऊन कचेरीत गेले. तोच भला माणूस खिडकीत होता. त्यानं दाखला उलटून-पालटून पाहिला.

"ये तो महाराष्ट्र का है."

"लडका जालने का है," चाचा म्हणाले. "मैं बोला था ना आपको. अपनाच है."

"जालना महाराष्ट्र में है, बडे मियाँ."

"कब से?"

"बहोत साल हो गए."

चाचा छत्रीवर हात ठेवून उभे राहिले. पहिल्या चौकशीत त्यांनी 'अपना लडका' म्हटलं होतं, आणि खिडकीतल्या माणसानं तो आपल्या राज्यातला समजून उत्तर दिलं होतं. अण्णा आणि चाचा, दोन्ही म्हातारे एकच चूक करून बसले होते. एकानं इकडून, एकानं तिकडून. राखीव जागा त्या राज्यातल्या जातींना, त्या राज्यातल्याच रहिवाशांना. दुसऱ्या राज्याचा जातीचा दाखला तिथं चालतच नव्हता. महार लिहा, बौद्ध लिहा, काहीही लिहा. आम्ही परराज्यातले.

"मग आमच्या सरकारची शिष्यवृत्ती?" भाऊनं विचारलं.

ती इथं शिकायला मिळणार नाही, खिडकीतला माणूस म्हणाला. ते खरं होतं, पुढं आम्ही औरंगाबादला चौकशी केली तेव्हाही तेच कळलं. आमच्या सरकारची ती शिष्यवृत्ती आमच्या राज्यात शिकणाऱ्याला. त्यांची त्यांच्या माणसाला. मधल्याला कोणाचीच नाही.

चाचा बाहेर येऊन पायरीवर बसले. "तेरे बाप को मैं क्या मुँह दिखाऊँ," म्हणाले. भाऊनं त्यांना पाणी आणून दिलं. मग खिडकीपाशी जाऊन नवा फॉर्म मागितला, परराज्यातल्या खुल्या जागेचा. धर्माच्या रकान्यात त्यानं 'बौद्ध' लिहिलं. मी शेजारीच होतो. मला काही म्हणावंसं वाटलं नाही.

लेखी झाली, मुलाखत झाली. दिल्ली-मद्रासची पोरं टाय लावून आली होती. भाऊची कॉलर मायनं उलटून शिवलेली. मुलाखतीत एकानं विचारलं, तुमच्या घरी धंदा कसला? भाऊनं सांगितलं, कसलाच नाही, म्हणून तर आलो. बाहेर येऊन मला म्हणाला, "हसले बे ते. पण चांगलं हसले."

यादी लागली त्यात त्याचं नाव होतं. त्या चार-दोन जागांत. बोर्डापाशी तो बराच वेळ नाव बघत उभा राहिला आणि मी त्याच्याकडं बघत राहिलो. खाली फी भरायची मुदत लिहिली होती.

चाचा राहायला जागा द्यायला तयार होते. मायनं गळ्यातलं मोडायचं म्हटलं. बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, भाऊनं ऐकलं नाही. मी दोन आमदारांकडं गेलो. एक भेटला नाही, दुसऱ्यानं माझ्याकडून आधीच्या मोर्चाचा हिशेब मागितला. मुदत गेली. भाऊ आता जालन्याच्या बाजार समितीत कारकून आहे. गादीवाल्यांच्या पावत्या फाडतो.

मला राग आहे आणि तो राहणार. पण घरात जे मोडलं ते ॲडमिशननं नाही मोडलं.

हैदराबादहून परतलो त्या दिवशी भाऊला वाटलं अण्णांना बरं वाटेल. म्हणून तो पहिल्यांदा तेच बोलला.

"अण्णा, बौद्ध लिहूनच लागलं नाव. दाखला लागलाच न्हाई."

अण्णा शर्टाची बटणं लावत होते.

"दाखिवला व्हता का पण?"

"दाखिवला. चालत न्हाई म्हणले. आपून तिकडचे न्हाई."

"बिलकुल चालत न्हाई?"

"न्हाई."

अण्णांनी खालून वरपर्यंत बटणं लावली. "बरं झालं," म्हणाले. मायकडं बघितलं आणि बाहेर गेले.

आमच्या वस्तीत पौर्णिमेला विहारात वंदना होते. पत्र्याचं छप्पर, खाली शेणानं सारवलेलं. वंदना अण्णा सांगायचे, मागून सगळे म्हणायचे. विहार बांधला तेव्हापासून दुसऱ्या कोणी सांगितलेली मला आठवत नाही. त्या पौर्णिमेला अण्णा आले आणि मागं, बायकांच्या ओळीजवळ भिंतीला टेकून बसले. मेणबत्त्या लावून झाल्या. सगळे अण्णांची वाट बघत होते.

"मास्तर, करा की सुरू," कोणीतरी म्हणालं.

"घसा बसलाय. तुमी सांगा."

"इतक्या दिसात कव्हा न्हाई बसला?" एक म्हातारी म्हणाली. लोक हसले. अण्णाही हसले.

तहसीलची गोष्ट वस्तीत अजून कोणाला माहीत नव्हती. मला होती, भाऊला होती, मायला होती. शेवटी एका पोरसवदा कंडक्टरनं सुरू केलं. त्याला शब्द नीट येत नव्हते, मधेच अडला, मग पुढं गेला. सगळ्यांनी त्याच्यामागं म्हटलं. भाऊ माझ्या शेजारी होता, तो मोठ्यानं म्हणत होता, मुद्दाम, मागं ऐकू जाईल इतकं. मी वळून बघितलं. अण्णांचे हात जोडलेले होते. ओठ हलत नव्हते.