दारापाशी बसून ऐकलेली अक्षरं

लग्नानंतर हुबळीला आले, तेव्हा बाजारातल्या पाट्यांवरचं एकही कानडी अक्षर मला वाचता येईना. मालकांना रेल्वेच्या कारखान्यात काम लागलं होतं आणि ओळखीचं कुणी नव्हतं. किराण्याचं दुकान कुठलं, औषधाचं कुठलं, ते मी वासावरून ओळखायची. मिरजेकडची एक शेजारीण म्हणाली, "अगं, तू तर शाळा शिकलीयास न्हवं?" मी मान हलवली, पण कान तापले. शाळेचं नाव निघालं की माझे कान अजून तापतात. चार यत्तांची शाळा ती, पण ती मला कशी मिळाली ते सांगायला अजून जीभ अडते.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं. शाळेत सगळं वाचन एका सुरात चाले. मास्तर फळ्यावर छडी टेकवत आणि पोरं धडा म्हणत. मी अर्ध्या श्वासानं मागं असायची. पुढच्या पोराच्या तोंडातून शब्द निघाला की तो उचलायचा आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणायचा. मास्तरांना वाटे, पोरगी हुशार. पण वर्षाच्या शेवटी तपासणीला साहेब येत, ते एकेकाला उभं करून न बघितलेला उतारा वाचायला लावत. मी दुसरीत दोनदा नापास झाले.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा पलटणीतून पेन्शनीवर आले होते. ते फार बोलत नसत. म्हणाले, "यंदा न्हाई झाली तर बास. उसाला पानी पाजाया हात लागत्यात." आईला वाटे, माझी जीभच जड आहे. ती रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून जिभेला लावी. जीभ झोंबायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि धडा तिथल्या तिथं राहायचा.

त्या साली मास्तर लढाईवर भरती झाले आणि त्यांच्या जागी साताऱ्याहून एक बाई आल्या. पहिले काही दिवस त्यांनी काही शिकवलंच नाही. बाकीच्यांना गणितं घालून द्यायच्या आणि एकेकाला बाहेर लिंबाखाली बोलवायच्या. पोरं म्हणाली, "बाईंना शिकवाया येत न्हाई, म्हून गप्पा मारत्यात."

माझी पाळी आली. बाईंनी पाटीवर चारपाच अक्षरं सुटी सुटी लिहिली होती. एकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कोणतं?"

मी सुरू केलं, "क, ख, ग..."

"सुरुवातीपासून नको. हे एकटंच सांग."

एकटं म्हटल्यावर मला ते ओळखीचंच वाटेना. सुरात असली की सगळी अक्षरं माझीच होती, सुटं केलं की एकही नाही. मी परकराच्या काठाशी चाळा करत उभी राहिले. आता छडी बसणार असं वाटलं. बाईंनी मात्र भलतंच विचारलं.

"पहिलीच्या आधी, बिगरीत तू कुठं बसायचीस गं?"

"दारापाशी. भाईर."

"का?"

"कडंवर बाळ असायचा. रडायचा. मास्तर म्हनायचे, त्येला घिऊन भाईर बस."

"तिथनं फळा दिसायचा?"

"न्हाई. पर ऐकाया यायचं समदं."

बाईंनी पाटी पुसली. "म्हणजे तू ऐकून शिकलीस. बघायचं तेवढं राहून गेलंय."

दुसऱ्या दिवसापासून शाळेचा पहिला तास मी बिगरीत बसायचं, असं ठरलं. त्या बिगरीत आता तोच बाळ बसत होता, माझ्या कडेवर वाढलेला माझा धाकटा भाऊ. मी मांडी घालून बसले तशी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आक्का, ह्यो ग हाय. गवताचा. तुला न्हाई ठावं?" पोरं खिदळली. घरी जाऊन त्यानं आधी आईला सांगितलं, "आये, आक्का आमच्यात बसती!"

बाई मातीत मोठं अक्षर काढायच्या आणि मला बोटानं गिरवायला लावायच्या. घ आणि ध, भ आणि म, अशी फसवणारी शेजारी शेजारी. येणारी अक्षरं त्या पुन्हा विचारत नसत. शनिवारी फक्त अडलेली काढायच्या आणि त्यातली सुटली ती सोडून द्यायच्या. अडलेली कमी होत गेली, तसा माझा घाम मात्र वाढत गेला. आता न येण्याला काही कारणच उरत नव्हतं.

मग एका सांजेला बाई घरी आल्या. आईनं गूळपाणी पुढं ठेवलं.

"आवं बाई, जीभ जड हाय तिची. म्या वेखंड लावतीया रोज."

"जीभ चांगली आहे हो. तिनं अक्षरं पाहिलीच नव्हती. पोर घेऊन दाराबाहेर बसायची ना ती."

आईनं गुळाची वाटी बाईंकडं सरकवली. मग म्हणाली, "पोर म्याच दिलं व्हतं तिच्याजवळ. मला खुरपाया जायाचं असायचं."

"मी तुमचा दोष काढायला आले नाही."

"तुमी काढला न्हाई, पर निघालाच की."

मी चुलीआड उभी होते. इतके दिवस लाज माझी एकटीची होती, ती आता आईच्या तोंडावर दिसत होती. नापास झाले तेव्हाही मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

सकाळी आईनं बाळाच्या पाठचं तान्हं, जे आता रोज माझ्या कडेवर असायचं, झोळीत बांधलं आणि स्वतः रानात नेलं. मी रिकाम्या कडेनं शाळेला निघाले, तर हात कुठं ठेवावा तेच कळेना. वाटेत बायका विचारत होत्या, "का गं, आज मोकळीच?"

तपासणीच्या दिवशी साहेबांनी नवा उतारा पुढं ठेवला. मी ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. मागून एक जण कुजबुजला, "गाडी लय हळू हाय रं, बैलं दमली." साहेब म्हणाले, "बोट काढ."

बाई भिंतीशी उभ्या होत्या. "राहू द्या साहेब. बोटानं वाचते ती, पण वाचते."

पुढं सूर धरायला कुणी नव्हतं. एकेक अक्षर बघत मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. साहेब म्हणाले, "हळू आहे. पास."

घरी आबा दावं वळत बसले होते. "काय म्हनला सायेब?"

"पास."

"वाचलंस, का पाठ म्हनलंस?"

"वाचलं."

त्यांनी दाव्याला पीळ दिला. "मग ऱ्हा. चौथीपत्तूर. फुडचं इचारायचं न्हाई."

मी विचारलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. पण पास झाले त्या दिवशी मी गोठ्यामागं जाऊन आनंदानं रडले होते. बाकीच्या पोरांना जे न मागता मिळालं होतं, तेवढंच मला मिळालं होतं. आणि तेवढ्यासाठी आपल्याला रडू यावं, याची पुन्हा लाज वाटली.