दानघराची दर्शनी भिंत

विनिफ्रेड टॅपरचं सगळं आयुष्य एकाच इमारतीत गेलं. मध्ये शाळा आणि दोन्ही बाजूंना निराधार म्हाताऱ्यांच्या खोल्या, असं ते इंग्लंडातल्या जॉर्ज राजांच्या काळातलं दानघर. वर त्रिकोणी माथा, एका मापाच्या खिडक्या, मधाच्या रंगाचा दगड. विनी त्या शाळेत शिकली, मोठेपणी तिनं तिथल्याच पोरांना रांधून वाढलं, आणि नवरा गेल्यावर डाव्या अंगाला तळमजल्यावर तिला खोली मिळाली. वरच्या खोलीत एनिड गार्लिक राहायची. जिवाभावाची मैत्रीण, आणि तितकीच भांडखोर.

मार्चमधल्या एका सकाळी विनी पाव घेऊन परतत होती. फाटकाशी पोचते तोच, कोणी कोळशाच्या गोणी ओताव्यात तसा आवाज झाला, आणि तो थांबेचना. धूळ बसली तेव्हा डाव्या अंगाची सगळी दर्शनी भिंत रस्त्यावर पडलेली होती. खोल्या उघड्या कपाटासारख्या दिसत होत्या. तिचा पलंग, तिची न आवरलेली चादर. आणि वर, आपल्या खुर्चीत, हातात चहाचा कप घेऊन एनिड बसलेली. तिच्या पायांपुढे वीतभर फळी होती, त्यापुढे काही नव्हतं.

विनीच्या हातून पाव पडला. मागच्या दाराने मास्तर मुलांना बाहेर काढत होते, त्यांचा गलका तिला कुठून तरी लांबून ऐकू येत होता.

"एनिड, हलू नकोस," ती म्हणाली.

"हलतेय कोण?" वरून आवाज आला, अगदी बारीक. "विनी, माझी भिंत कुठे गेली गं?"

"खाली आहे. माझ्या पायाशी."

"मग लोक काय बघतायत माझ्याकडे? त्यांना जा म्हणावं. माझे केस विंचरलेले नाहीत."

"तुझे केस कधी विंचरलेले होते? बोलत राहा."

बंबवाले येईपर्यंत विनीने तिला बोलतं ठेवलं. शिडीवरून उतरवली तेव्हाही एनिडने कप सोडला नव्हता. त्यातला चहा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी पॅस्को गवंडी ढिगाऱ्यापाशी वाकून बघत होता. त्याने एक दगड उचलून विनीला दाखवला.

"बघा, दगड वीतभरही जाड नाही. मागे नुसता विटांचा चुरा. आणि दगडाला मागच्या भिंतीशी धरून ठेवणारं काहीच नाही."

"मग इतकी वर्षं उभी कशी होती?"

"सवयीनं, बाई."

विनी पायरीवर बसली. लहानपणापासून दरसाल हे दानघर बांधणाऱ्या दात्याच्या पुतळ्यापुढे तिनं गुडघे वाकवून आभार मानले होते. रोज रात्री त्याच भिंतीला उशी टेकवून झोपली होती. कितीतरी दिवस ती, खोल्या गेलेल्यांसाठी चर्चच्या सभागृहात टाकलेल्या खाटेवर, छताकडे बघत पडून राही.

एनिड मुलाकडे समुद्रकाठच्या गावी गेली, ती परत आलीच नाही. वर्षभराने लोखंडी सळ्या घालून भिंत पुन्हा उभी राहिली, बाहेरून हुबेहूब पूर्वीसारखी. विश्वस्त मंडळाच्या बाईंनी किल्ली पुढे केली.

"तुमचीच खोली, मिसेस टॅपर. आता अगदी भक्कम आहे."

विनीनं ती सोनेरी भिंत नीट निरखली.

"असेल," ती म्हणाली. "मला मागच्या अंगणाकडची द्या."