देवीने परत दिलेला कोंबडा

आमच्या सासरी, शहापूरकडच्या शेणव्याच्या बाजूला, कोंबड्याला दोनच वाटा असत: देवी, नाहीतर रस्सा. मी मुरबाडकडून लग्न होऊन आले त्या वर्षी घरातला तांबडा कोंबडा देवीच्या वाटेला लागला होता. सासरे राबासाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, फांद्या तोडताना झाडावरून पडले आणि पाय मोडून घोंगडीला खिळले. ते चालते झाले तर गावदेवीला हा कोंबडा देईन, असा नवस सासू बोलली.

नवसाचा म्हणून माणसं त्याला हात लावत नसत. शेजारच्या कोंबड्याला मात्र नवसाचं काही कळत नव्हतं. झुंजीत याचा एक डोळा फुटला, आणि दुसऱ्यावर हळूहळू पडदा चढला. मी कोमट पाण्याने डोळे पुसले, तेलात हळद कालवून लावली. जखम भरली, डोळे उघडले, पण दिसायचं नाव नाही. पुढ्यात दाणे टाकले तरी हा मख्खासारखा उभा. शेवटी सुपावर नखाने टकटक केलं, तेव्हा कुठे त्या आवाजावर तो चोच मारू लागला.

हे मी घरात कोणालाच सांगितलं नाही. व्यंग असलेलं जनावर देवीला चालत नाही. आंधळा आहे असं कळलं असतं, तर सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी मसाला वाटायला सांगितला असता. दिवस लढाईचे. माणसांनाच नाचणी जपून मिळे, तिथे आंधळ्या कोंबड्याला चारणं म्हणजे चोरीच. सकाळी सासू पाण्याला गेली की मी मूठभर दाणे घेऊन त्याच्या टोपलीपाशी बसायचे. तेवढ्यावर तो असा फुगला, की टोपली त्याला अपुरी पडू लागली. आपल्या हाताला गुण आहे, असं मला वाटे.

सासूचं तोंड तिखट. शिव्या दिल्याशिवाय ती चूलसुद्धा पेटवत नसे. नवस फेडायचा विषय निघाला, की तिचं काहीतरी निघे: या मंगळवारी पाहुणे, पुढच्या मंगळवारी पेरणी. मला वाटलं, म्हातारी चिक्कू आहे, नारळसुद्धा जिवावर आलाय. पण सासरे काठी न घेता शहापूरच्या बाजाराला जाऊन आले, तेव्हा तिलाही बोलायला जागा उरली नाही.

मंगळवारी आम्ही सगळे देवळापुढे जमलो. कोंबडा मीच काखेत धरून नेला आणि वाटभर पदराने डोळे पुसत होते. रीत अशी, की देवीचा भगत कोंबड्यापुढे तांदूळ टाकतो. त्याने टिपले तर देवीने मान्य केलं, मगच सुरी. भगताने तांदूळ टाकले. कोंबडा उभाच. पुन्हा टाकले, तर त्याने फक्त पाय बदलला. नखं कुठे वाजू नयेत म्हणून मी ती मुठीत दाबून बसले होते.

"देवी घेत नाय," भगत म्हणाला. "घरात कोनाचातरी गुना हाय. बोला."

दिराने कबूल केलं, की शिमग्याला शेजाऱ्याचं कुंपण त्यानेच होळीत घातलं होतं. शेजारी तिथेच बसला होता. कोंबडा ढिम्म. माझ्या नवऱ्याने भीतीने एकदम तीन गुन्हे सांगून टाकले, त्यातला एक मलाही नवा होता. कोंबडा ढिम्म. मग सासरे खाकरले.

"मी राबाच्या फांद्या तोडताना नाय पडलो. वर मधाचं पोळं होतं."

"मंग मध कुटं हाय?" सासूने विचारलं.

"पडायच्या आधी खाल्ला."

सासू उठून उभी राहिली. "मी रोज तुमचा पाय शेकला, देवीपुढं नाक घासलं, आन् तुमी एकटे मध खाऊन पडले?"

तिचा आवाज चढला तशी कोंबड्याने मान वर केली. तांदूळ तुडवत तो थेट तिच्याकडे गेला आणि तिच्या पायांशी टोचे मारू लागला. ती आणखी ओरडली, तसा तो आणखी खुशीत आला आणि उडी मारून त्याने तिच्या ओच्यात चोच खुपसली. ओच्यातून नाचणी सांडली.

"देवीनं गुना धरला," भगत म्हणाला. "बोल बाय."

सासू मटकन खाली बसली. "चारते मी त्याला. दुपारी, सून धुणं घेऊन गेली का. आंधळा हाय तो. मी शिव्या देत जाते, तवा आवाजावर येतो. काय करू? उपाशी मारू?"

म्हणजे माझ्या हाताचा गुण तो हा! तिच्या शिव्या ऐकून भूक लागणारा जगात तो एकच जीव असेल. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

भगताने कोंबड्याच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला आणि सुरी बाजूला ठेवली. देवीला नारळावर समाधान मानावं लागलं. सासरे म्हणाले, "आंधळाच हाय, तर मंग घरी नेऊन..."

"देवीनं परत दिलाय," सासू म्हणाली. "लावा त्याला सुरी, आन् पडा पुना झाडावरून."

घरी येताना सासरे एकदाच पुटपुटले, "मंग मी मधाचं कशाला सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन टोपलीकडे वळले, तर सासू दारातच उभी. "सकाळचं तू, दुपारचं मी," ती म्हणाली. "आन् मूठ लहान कर गो, खाऊन मरंल तो." सासरी आल्यापासून तिने माझ्याबरोबर वाटून घेतलेली ही पहिली गोष्ट.

पुढेही ती माझ्यावर तोंड सोडायचीच. पण तिने आवाज चढवला, की टोपलीत धडपड सुरू व्हायची, आणि तिला बोलणं टाकून दाणे आणायला जावं लागायचं. तो कोंबडा होता तोवर सासूची शिवी मला कधी पुरती ऐकायला मिळाली नाही.