साडूंचे कोंबडे

घड्याळजीच्या अवजारांनी भरलेलं कपाट घरात असून आयुष्यात एकाही ठिकाणी वेळेवर न पोचलेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा निघावा, हे माझं नशीब. साडू स्वतः घड्याळ घालत नाहीत. "मनगटाले खाज सुटते," म्हणतात. कचेरीतून निवृत्त झाल्यावर हे भजनात रमतील असं सगळ्यांना वाटलं होतं. हे चिमट्यांत रमले. फार पूर्वी बंद पडलेला एक घड्याळांचा कारखाना आपल्या कारागिरांच्या अवजारांवर वर्तुळातला कोंबडा उमटवायचा. तो इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. पेचकस असो, चिमटा असो, झाकण उघडायची सुरी असो, कोंबडा असेल तर साडू ती वस्तू छातीशी धरतात. नसेल तर "भंगार आहे गा," म्हणून तोंड फिरवतात.

या कोंबड्यापायी त्यांनी काय काय केलं! बर्डीवर दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून पडलेले असताना डॉक्टरांनी चिमटा पुढे केला, तर साडूंनी त्यांचा हातच धरला, खिशातून भिंग काढून चिमटा उलटसुलट पाहिला आणि "छाप नाही," म्हणून तोंड मिटून घेतलं. एकदा नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत त्यांना कोंबडावाला पेचकस सापडला. बागवान त्याने पंपाचा स्टार्टर उघडायचा. साडू त्याच्यासमोर तासभर हळहळले आणि पेचकस घेऊनच एसटीत बसले. माझं बंद पडलेलं घड्याळ मात्र त्यांनी मोठ्या थाटात उघडलं, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ आत पाहिलं आणि निदान केलं, "आत मशीन आहे." झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला, तो मी अजून जपून ठेवला आहे.

बायकोच्या बहिणीला मीही ताईच म्हणतो. ताईंना या छंदाचा मनस्वी वैताग. जेवायला हाक मारूनही साडू कपाटापासून हलले नाहीत की त्या म्हणायच्या, "तुमच्या कोंबड्यायले दाणे टाकू का आधी?" आपली जमवाजमव ताईंनी एकदा तरी कौतुकाने पाहावी, ही साडूंची एकमेव इच्छा. ती त्यांनी मला अनेकदा बोलून दाखवली होती.

गेल्या खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडे होतो. अवजारांची पूजा साडू दरवर्षी एकटेच करत. ते झेंडूची फुलं घेऊन आले, तर पाटावर सगळी अवजारं आधीच मांडलेली, हळदकुंकू लावलेली आणि आरशासारखी लखलखीत. ताईंनी स्वतःहून कपाट उघडून एकेक अवजार पॉलिश पेपरने घासून काढलं होतं.

साडूंनी भिंग लावलं. एक चिमटा पाहिला, मग दुसरा, मग सगळे. मग भिंग माझ्या हातात दिलं. कोंबडा सोडा, कुठे त्याचं शेपूटही उरलं नव्हतं.

"काहून, आवडलं नाही का?" ताईंनी पदराला हात पुसत विचारलं. त्यांची बोटं काळी झाली होती. "सकाळपासून घासून राहिली मी. म्हटलं, तुमाले बरं वाटन."

साडू त्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आवडलं वं. मले तर वाटलं, तू नवेच आणले." आणि फुलं वाहायला बसले. हा माणूस माझा साडू आहे याचा त्या दिवशी मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

आता पाहुणे आले की ताई स्वतः कपाट उघडून दाखवतात, आणि साडू बाजूला उभे राहून मान डोलावतात. परवा आम्ही दोघेच बसलो होतो, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "साडू, एकही कोंबडा उरला नाही हो."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोला ना भाऊ," ते म्हणाले. "तिले अजून माहीत नाही."