आयसोलेशनमध्ये कोमल का हसली

"ती मुलगी हसतेय," कोच म्हणाले. "बाकीच्या चौघी गप्प बसल्यात. एकटी तीच हसतेय. म्हणजे तिला काहीतरी कळलंय."

माझ्या हातात क्लिपबोर्ड होता. त्यावर जनरेटर होता, अँब्युलन्स होती, पाहुण्या टीम्ससाठी बिनतिखटाचं जेवण होतं, पदकांच्या रिबिनींची लांबीसुद्धा होती. मुली हसल्या तर काय करायचं, हे नव्हतं.

नाशिकमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय स्पोर्ट क्लाइंबिंग स्पर्धा होती, त्यातली ही फायनल. मी इव्हेंट मॅनेजर. आठपैकी तिघींचं चढून झालं होतं. चौथी शूज घालून दाराशी उभी होती आणि आपल्या मुलीसोबत आत बसलेल्या एका परदेशी टीमच्या कोचनी स्पर्धा थांबवून ठेवली होती. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी ते इथं मराठीत देतेय.

हसण्यात एवढं काय, हे समजायला खेळ थोडा समजावा लागेल. तीन मजली उंच कृत्रिम भिंत. तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या, त्यांना होल्ड म्हणतात. कमरेला दोरी बांधून जितकं वर जाता येईल तितकं जायचं. हात सुटला की दोरीवर लोंबकळायचं आणि खाली यायचं. संधी एकच. जी सगळ्यात वरच्या होल्डपर्यंत पोचली ती जिंकली.

आता गंमत अशी की मागून चढणारीनं पुढच्या मुली कुठं पडल्या हे पाहिलं, तर तिचं काम सोपं होणार. म्हणून सगळ्यांना आधी काही मिनिटं भिंत एकत्र दाखवतात आणि मग एका बंद हॉलमध्ये नेऊन बसवतात. फोन जमा. खिडक्यांना पडदे. बाहेरची काही बातमी आत जाता कामा नये. या बंदिवासाला आयसोलेशन म्हणतात. ज्या मुलीनं आदल्या फेरीत सगळ्यात चांगली कामगिरी केली, ती फायनलला शेवटी चढते. म्हणजे जी जितकी हुशार, ती तितका जास्त वेळ कोंडलेली. आमच्या स्पर्धेत ती कोमल होती.

कोमल पेठ तालुक्यातली. हॉस्टेलला राहून नाशिकला शिकायला आली आणि शाळेच्या सहलीत भिंत बघून तिथंच अडकली. भारताच्या टीममधली फायनलला पोचलेली ती एकटीच. आणि हॉलमध्ये मराठी समजणारीही ती एकटीच. कोचचा मुद्दा नेमका तोच होता.

कारण बाहेर माइकवर नाना होते.

नाना आमचे निवेदक. कुस्तीची मैदानं, लग्नं, ट्रॅक्टरच्या शोरूमची उद्घाटनं, सगळीकडे नानांचा आवाज. मी इंग्रजी कॉमेंटरीसाठी पुण्याहून एक मुलगा आणला होता. पण संयोजन समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब, दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार, म्हणाले, "मॅडम, प्रेक्षक इथले. त्यांना कोण सांगणार काय चाललंय ते? नानाला घ्या." घेतलं. पुण्याचा मुलगा एक वाक्य बोलायचा, मग नाना दहा.

पहिल्या दिवसापासून माझं नानांशी एकाच गोष्टीवरून वाजत होतं. ते खेळाबद्दल बोलतच नव्हते. कोण आलं, कोण बसलं, कोणाचं स्वागत, कोणाच्या शुभहस्ते काय, एवढंच. शेवटी मी त्यांना एक कागद लिहून दिला. होल्ड म्हणजे काय, मोठ्या होल्डला काय म्हणतात, पाय कसा ठेवतात, सगळं मराठीत.

"नाना, मान्यवर पुरे. आता भिंतीवर काय चाललंय ते सांगा. मुलीनं कोणता हात कुठं टाकला, ते."

"बरं ताई," म्हणून नानांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

फायनलच्या संध्याकाळी गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली. पेठहून दोन जीप भरून माणसं आली. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून भाऊसाहेबांनी मांडववाल्याला सांगून पार्किंगमध्ये दोन मोठे स्पीकर लावून घेतले, फक्त नानांच्या माइकला जोडलेले. मला न विचारता. पार्किंगच्या पलीकडे लग्नाचं लॉन्स, आणि त्या लॉन्सचा एसी हॉल म्हणजे आमचं आयसोलेशन. स्पीकरची तोंडं बरोबर त्या हॉलकडे. तीन मुली चढेपर्यंत नानांचा शब्द न् शब्द आत पोचत होता.

ज्युरी प्रेसिडेंट म्हणजे मैदानावरचं सर्वोच्च न्यायालय. आमच्याकडे त्या जागी मार्टा नावाची युरोपातली बाई होती. उंच, शांत, आणि हातात कायम गरम पाण्याची बाटली. तिनं आधी स्पीकर बंद करवले. मग मला बाजूला घेतलं.

"वैशाली, हा माणूस काय बोलत होता?"

मला ते कळायलाच नको होतं. कारण ऐन फायनलच्या आधी मीच नानांना बजावलं होतं, कोणता हात कुठं टाकला ते सांगा म्हणून. मी त्या वेळी बॅक ऑफिसला पदकं मोजत होते. माझ्या कानावर एक शब्द पडला नव्हता. नानांनी माझं ऐकलं असेल तर कोमल संपली.

"त्यांनी चढाईची माहिती दिली असेल तर?" मी विचारलं.

"तर ती माहिती फक्त एका मुलीला मिळाली. मग ती फायनलमधून बाहेर. चूक तिची नसली तरी."

बाहेर दोन जीप भरून पेठ बसलेलं. 

मार्टानं कोमलला हॉलच्या पॅसेजमध्ये बोलावलं. कोच, मी आणि इंदूरहून आलेले जज तांबे सोबत. तांबे मराठी उत्तम जाणतात आणि नाशिकशी त्यांचं काही देणंघेणं नाही. कोच म्हणाले होते, मॅनेजर इथल्याच आहेत, त्यांचं भाषांतर मला नको. बरोबर होतं. मीही त्यांच्या जागी हेच म्हणाले असते.

"तू बाहेरचं काही ऐकलंस?" मार्टानं विचारलं. तांब्यांनी मराठीत सांगितलं.

"हो मॅडम. सगळंच ऐकू येत होतं."

माझा क्लिपबोर्ड सटकला.

"मग हसलीस का?"

कोमलनं मान खाली घातली. "नानांनी पप्पांचं स्वागत केलं. उद्योजक म्हणाले त्यांना. आमची पिठाची गिरणी हाय."

तांब्यांनी भाषांतर केलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"आणखी काय ऐकलंस?"

"तेवढंच डोक्यात राहिलं. पप्पा आलेत ते मला माहीतच नव्हतं. मी सांगितलं होतं येऊ नका, मला टेन्शन येतं."

कोच म्हणाले, "ही तिची बाजू झाली. पुरावा काय?"

पुरावा होता. लाइव्ह स्ट्रीमच्या रेकॉर्डिंगमध्ये माइकचा आवाज वेगळा साठवलेला असतो. कोमलला परत हॉलमध्ये पाठवून आम्ही स्ट्रीमिंगवाल्याच्या टेबलाशी गेलो. तांब्यांनी हेडफोन लावले. ते ऐकणार, आम्हाला वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगणार. तिकडे चौथी मुलगी जॅकेट घालून येरझाऱ्या घालत होती. थांबलं की स्नायू थंड पडतात, त्यामुळे मार्टा दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होती.

"पहिली मुलगी भिंतीजवळ आली आहे," तांब्यांनी सुरुवात केली.

कोच पुढे झुकले.

"आणि याच वेळी आपल्यात आगमन झालं आहे माजी सभापतींचं. त्यांचं स्वागत. त्यांच्यासोबत त्यांचे मेहुणे. त्यांचंही स्वागत."

"पुढे," मार्टा म्हणाली.

"वणीहून आलेलं भक्त मंडळ. स्वागत. द्राक्षांच्या पेट्या देणारे भाऊसाहेब यांचे आभार. भाऊसाहेबांच्या पुतण्याचा आज वाढदिवस आहे."

"मुलगी?"

"मुलगी वर चालली आहे."

"कुठल्या बाजूनं?"

तांब्यांनी रेकॉर्डिंग मागे घेऊन पुन्हा ऐकलं. "फक्त 'वर' म्हणालेत."

दुसऱ्या मुलीच्या वेळी नाना एकदम गंभीर झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "आता आपण खेळाकडं वळू या." तांब्यांनी ते सांगितलं तसे कोच उभेच राहिले. माझं बोट क्लिपबोर्डच्या चिमट्यात अडकलं ते मला नंतर कळलं.

"त्याआधी," तांबे पुढे म्हणाले, "एक पाकीट सापडलं आहे. ओळख पटवून घेऊन जावं."

"आणि मग खेळाकडे?"

"मग मुलगी पडली."

"कुठे पडली? कोणत्या होल्डवर?"

"म्हणाले, 'पडली. काळजी करू नका, दोरी आहे.'"

मार्टा बाटलीतलं पाणी प्यायली. मला वाटतं तिनं हसू लपवलं, पण हे मी शपथेवर सांगणार नाही.

तिसऱ्या मुलीच्या वेळी पेठचं स्वागत झालं. कोमलनं सांगितलं होतं तसंच. प्रगतशील शेतकरी व उद्योजक, त्यांच्या सौभाग्यवती, आत्या, आणि जीपचे चालक. त्यातच कधीतरी तिसरी मुलगी पडली. ते नानांना समोरच्या लोकांकडून कळलं असावं, कारण "काय झालं? पडली का?" असं त्यांनी माइकवरच विचारलं होतं.

"संपलं?" मार्टानं विचारलं.

"एक सूचना राहिली. पांढरी मिनी बस अँब्युलन्सच्या वाटेत उभी आहे. तीनदा सांगितलं आहे. पुढच्या काचेवर लाल-हिरवा झेंडा. चालकानं ताबडतोब हलवावी."

 कोचच्या जॅकेटच्या बाहीवर लाल-हिरवा झेंडा होता.

"एक मिनिट," ते म्हणाले आणि पार्किंगकडे निघून गेले.

त्यांनी मिनी बस हलवून येईपर्यंत मार्टानं निर्णय लिहून काढला होता. आवाज आत गेला, ही संयोजकांची चूक, त्याची नोंद. माहिती मात्र गेली नाही. स्पर्धा पुढे चालू, कोमलसह. नानांच्या अख्ख्या कॉमेंटरीतून कोणाला उपयोगी पडेल अशी माहिती एकच निघाली होती आणि ती कोचसाठी होती. हे मार्टानं लिहिलं नाही. कोचनी सही केली.

मी धावत स्टेजकडे गेले. नाना खुर्चीत खांदे पाडून बसले होते. त्यांच्यामुळे मॅच थांबली हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"ताई, चुकलो बघा. तुम्ही सांगत होता ते मी मनावर घेतलं नाय. आता वाचतो." त्यांनी खिशातून माझा कागद काढला आणि चष्मा लावला. "डावा हात, उजवा पाय, एकेक करून सांगतो."

पार्किंगचे स्पीकर बंद केले होते, पण नानांच्या आवाजाला स्पीकर लागतोच असं नाही. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"नाना, हे राहू द्या. तुम्ही मान्यवर घ्या."

"मान्यवर? तुम्ही म्हणताय?"

"मी म्हणतेय."

"पण संपले की ताई. सगळ्यांचं झालं."

"मग पहिल्यापासून घ्या."

नानांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग माइक उचलला आणि माजी सभापतींच्या मेहुण्यांपासून सुरुवात केली.

कोमल शेवटी चढली. खालच्या अर्ध्यात तिचे पाय कापताना दिसत होते. वडील पहिल्या रांगेत टोपी हातात धरून बसले होते आणि तिनं एकदाही तिकडे पाहिलं नाही. अर्ध्याच्या वर गेल्यावर ती वडिलांना विसरली असावी. ज्या निळ्या होल्डवर सगळ्या अडकत होत्या, तिथं ती बराच वेळ एका हातावर थांबली आणि पुढे गेली. शेवटून दुसऱ्या होल्डवर हात सुटला. दुसरा नंबर. पहिली आली ती त्याच कोचच्या टीममधली मुलगी, एक होल्ड वर.

पदकं दिल्यावर कोच कोमलच्या वडिलांजवळ गेले. हात पुढे करून इंग्रजीत म्हणाले, "तुमची मुलगी फार चांगली चढते." वडिलांनी तांब्यांकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

"तुमचं स्वागत आहे म्हणाले," तांबे म्हणाले. दिवसभर तेच बोलून त्यांची जीभ तिकडेच वळली. मग त्यांनी दुरुस्त करून सांगितलं. वडिलांनी कोचना गिरणीवर यायचं आमंत्रण दिलं.

त्या स्पर्धेनंतर माझ्या यादीत दोन ओळी वाढल्या. एक, स्पर्धा सुरू झाल्यावर कोणीही नवा स्पीकर लावायचा नाही, भाऊसाहेबांनीसुद्धा. दोन, मान्यवरांची यादी नानांच्या हातात मीच द्यायची, दोन्ही बाजूंनी भरलेली. फायनल लांबली तर कमी पडायला नको.