तांडेलकाकांची वलंदेजी चांदी

नाणं दाखवण्याआधी तांडेलकाका समोरच्याला सदऱ्याच्या बाह्या दुमडायला लावत. मग तो पाहुणा असो, नाहीतर सख्खा जावई. मांडवीला त्यांच्या घरी गेलेल्या अनेकांना हा अपमान वाटे. मलाही वाटला होता.

ते पूर्वी गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. वेंगुर्ल्यापासून कोचीपर्यंत फिरताना त्यांना वलंदेजांची, म्हणजे डचांची, जुनी चांदीची नाणी जमवायचा नाद लागला. विकणारा कुणीही असो, ते नाणं जांभ्याच्या पायरीवर वाजवत आणि कान देऊन ऐकत. म्हणत, "चांदी बोलली तर ऐकावं. माणूस गोड बोलायला लागला की मी आधी खिसा चाचपतो."

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. कोल्हापूरहून सुट्टीत आलो की काका नाण्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचायला बोलवत. पण विश्वास माझ्यावरही नव्हता. तीच अक्षरं कागदावर काढून आठवड्यानं पुन्हा विचारत. उत्तर जुळलं की नाराज झाल्यासारखे म्हणत, "बरं पाठ केलंयस, मेल्या!"

घोडेस्वाराचं एक मोठं नाणं मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. गलबतावरचे त्यांचे जोडीदार, नाटे गावचे भिकाजीकाका, यांनी ते कोचीहून आणून दिलेलं. एका मे महिन्यात ते माझ्यापुढे आलं. इतर नाण्यांवर वलंदेजांच्या कंपनीची खूण असे, 'व्ही'च्या डावीकडे 'ओ' आणि उजवीकडे 'सी'. इथे 'सी' डावीकडे होता आणि त्याचं तोंडही उलटं. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात. कोरणाऱ्याला वाचता येत नसावं. त्यानं ती दिसली तशी सुलटी कोरली होती.

नाणं खोटं होतं. मी काकांना तसं सांगितलं. भीत भीत विचारलं, "हे वाजवून बघितलं होतंत?"

"भिक्याचं नाणं वाजवायचं?" काका उसळले. मग माझ्या बाह्यांकडे बघितलं, पुन्हा नाण्याकडे. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "तोच फसला असणार. त्याला बिचाऱ्याला अक्षर कुठं येतं!"

कुणाची बाजू घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

चार दिवसांनी भिकाजीकाका आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाच काय रे तुझा शिकलेला? मग बाबा, माझ्या नाण्यावर काय लिवलंय ते वाच की! हा थेरडा माझ्यावर पण संशय घेत असेल."

"तुझ्यावर कशाला घेऊ? तेवढी अक्कल आहे होय तुला?" तांडेलकाका म्हणाले. पण बघत होते माझ्याकडे, विकणाऱ्याकडे बघत तसे रोखून.

मी नाणं हातात घेतलं आणि उलटं होतं ते सुलटं वाचलं. "अस्सल वलंदेजी," असंही म्हणालो. भिकाजीकाकांनी मांडीवर थाप मारली.

मी कोल्हापूरला निघालो तेव्हा तांडेलकाका मोटारीपर्यंत आले. एवढंच म्हणाले, "भिक्या आहे तोवर हेच वाचायचं."

पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा तांडेलकाका हयात नव्हते. नाणं त्यांनी भिकाजीकाकांना देऊन ठेवलं होतं. दर सुट्टीत मी नाट्याला जातो. ते नाणं पुढे करतात, आणि मी वाचतो.